तळघरातला दवाखाना

लंडनच्या पूर्व भागातील व्हाइटचॅपल ही वस्ती विसाव्या शतकाच्या आरंभी दारिद्र्यासाठीच ओळखली जात होती. गोदीत मिळेल ते काम करणारे हमाल, एका खोलीत संसार मांडून तिथेच कपडे शिवणारे कारागीर, हातगाडीवर भाजी आणि मासळी विकणारे फेरीवाले, पूर्व युरोपातून जीव वाचवून आलेली ज्यू कुटुंबे अशांची ती वस्ती. १७ नोव्हेंबर १९१७ रोजी तिथल्या एका तळघरात एक दवाखाना सुरू झाला. पहिले महायुद्ध चालू होते. त्याच वर्षी जूनमध्ये जर्मन विमानांनी जवळच्या पॉपलर भागातील शाळेवर टाकलेल्या बॉम्बने अठरा मुलांचा बळी घेतला होता. अशा दिवसांत उघडलेला हा दवाखाना माणसांसाठी नव्हता. आजारी जनावरे घेऊन या, त्यांना यातनेत ठेवू नका, कोणत्याही प्राण्यावर इथे उपचार होतील आणि त्याचा पैसा पडणार नाही, अशा अर्थाची पाटी दारावर लागली होती.

ती पाटी लावणाऱ्या मारिया एलिझाबेथ डिकिन यांचे वय तेव्हा ४७ होते. त्या डॉक्टर नव्हत्या. पशुवैद्यकाचे कोणतेही शिक्षण त्यांनी घेतलेले नव्हते. हाताशी मोठा निधी नव्हता, सरकारचा पाठिंबा नव्हता. युद्धात माणसेच किड्यामुंग्यांसारखी मरत असताना कुत्र्यामांजरांचे कसले लाड, हा प्रश्न त्या काळी अनेकांना पडणे स्वाभाविक होते. पुढे याच दवाखान्यातून 'पीपल्स डिस्पेन्सरी फॉर सिक अ‍ॅनिमल्स', म्हणजे 'पीडीएसए' ही ब्रिटनमधील अग्रगण्य प्राणिसेवा संस्था उभी राहिली. आरंभीच्या नावात 'ऑफ द पुअर' असे आणखी तीन शब्द होते. गरिबांच्या आजारी प्राण्यांसाठीचा हा लोकदवाखाना होता, आणि मारिया डिकिन यांच्या कार्याचे सारे वेगळेपण त्या तीन शब्दांत होते.

२२ सप्टेंबर १८७० रोजी लंडनच्या हॅकनी भागात त्यांचा जन्म झाला. वडील विल्यम डिकिन हे वेस्लियन पंथाचे धर्मोपदेशक. आठ भावंडांत मारिया सर्वात थोरल्या. धर्मोपदेशकाच्या घरी प्रतिष्ठा असे, पैसा बेताचाच असे. मध्यमवर्गीय मुलीने अर्थार्जन करावे असा तो काळ नव्हता. तरीही तरुण मारियाने विम्पोल स्ट्रीटवर आवाजाच्या जोपासनेचे शिक्षण देणारी स्वतःची शाळा काढली आणि ती नीट चालवून दाखवली. १८९९ मध्ये त्यांचा विवाह त्यांचेच चुलतबंधू, हिशेबनीस असलेले अर्नोल्ड डिकिन यांच्याशी झाला. त्यानंतर व्यवसाय सुटला. या दांपत्याला मूल नव्हते. घर चांगल्या वस्तीत, पतीचे उत्पन्न चांगले, नोकरचाकर हाताशी. अशा परिस्थितीतील स्त्रियांना समाजमान्य असलेला एक उद्योग म्हणजे दानधर्म; त्या रीतीने मारियाही ईस्ट एंडमधील गरिबांच्या घरभेटींना जाऊ लागल्या.

त्या गेल्या होत्या माणसांची विचारपूस करायला. तिथे त्यांना दिसली ती जनावरे. खरूज लागलेली, हाडांचा सापळा झालेली कुत्री आणि मांजरे उकिरड्यावर अन्न शोधत होती. फेरीवाल्याची गाडी ओढणाऱ्या गाढवाच्या खांद्यावर जखम असे आणि तिच्यावरच दुसऱ्या दिवशी पुन्हा जू चढे. परसातल्या खुराड्यांत ससे आणि कोंबड्या असत, एखाद्या घरी शेळी असे. आजारी पडल्यावर या जनावरांना दोनच वाटा होत्या, आपोआप बरे होणे किंवा मरणे.

हे दृश्य पाहणाऱ्या मारिया काही पहिल्या नव्हेत. प्राण्यांना क्रूरपणे वागवणाऱ्यांविरुद्ध ब्रिटनमध्ये १८२२ पासून कायदा होता. १८२४ साली स्थापन झालेल्या आणि पुढे 'रॉयल' म्हणवल्या गेलेल्या प्राणिक्रौर्य प्रतिबंधक संस्थेचे निरीक्षक रस्तोरस्ती फिरत असत. जखमी गाढवाला जुंपलेले दिसले की गाडीवाल्यावर खटला भरला जाई, त्याला दंड होई. हे सारे योग्यच होते. परंतु दंड भरल्यावर त्या गाडीवाल्याने करायचे काय, याचे उत्तर कायद्यात नव्हते. पशुवैद्याचे शुल्क त्याच्या आठवड्याच्या कमाईत बसत नसे. गाढव घरी ठेवले तर त्या दिवशी चूल पेटत नसे. क्रौर्य म्हणून ज्याची नोंद होत होती त्यातले बरेचसे प्रत्यक्षात दारिद्र्य होते, हे मारिया डिकिन यांनी ओळखले. गरीब माणूस आपल्या जनावरावर प्रेम करत नाही हा सुखवस्तू लोकांचा समज त्यांना मान्य नव्हता. उपचार फुकट मिळाले तर तो जनावर घेऊन येईल, अशी त्यांची खात्री होती.

ती खरी ठरली. दवाखान्याची बातमी वस्तीत पसरली आणि अल्पावधीतच तळघर अपुरे पडू लागले. रस्त्यावर कुत्री, मांजरे, गाढवे आणि त्यांचे मालक यांची अशी गर्दी होऊ लागली की ती आवरण्यासाठी पोलिसांना यावे लागले. दवाखाना मोठ्या जागेत हलवावा लागला आणि पाठोपाठ इतर वस्त्यांतही शाखा निघाल्या. मुंबईच्या वाचकाला यात नवल वाटणार नाही. परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचे, पण साऱ्या गिरणगावाला 'बैलघोडा हॉस्पिटल' म्हणूनच ठाऊक असलेले जनावरांचे रुग्णालय त्याआधी तीसहून अधिक वर्षे, १८८० च्या दशकापासून चालू होते. मात्र त्यामागे पेटिट घराण्याचे औदार्य होते. व्हाइटचॅपलच्या तळघरामागे एका गृहिणीचा हट्ट आणि दारोदार गोळा केलेल्या देणग्या होत्या.

१९२१ मध्ये मारिया डिकिन यांनी जिप्सी लोकांचा असतो तसा घोड्याचा एक तांडागाडा घेतला. त्यात औषधांच्या फडताळांची आणि तपासणीच्या टेबलाची सोय केली आणि हा फिरता दवाखाना देशभर नेण्यास आरंभ केला. गाडा एखाद्या गावी थांबे, उपचार होत, आणि गावातल्या मंडळींना एकत्र करून तिथे कायमचा दवाखाना निघेल यासाठी खटपट केली जाई. पुढे घोड्याच्या गाड्यांची जागा मोटारींनी घेतली आणि अशा फिरत्या दवाखान्यांचा ताफाच उभा राहिला. १९२८ मध्ये लंडनच्या पूर्वेला इलफर्ड येथे प्राण्यांसाठी आरोग्यधाम सुरू झाले. युरोपातील ते अशा प्रकारचे पहिले मानले जाते. मोरोक्को, इजिप्त अशा दूरच्या देशांतही संस्थेचे दवाखाने निघाले. १९२९ मध्ये ब्रिटिश सरकारने त्यांना 'ओबीई' हा किताब दिला.

येथवरची हकिगत एखाद्या संस्थेच्या स्मरणिकेत शोभावी अशी आहे. परंतु या दवाखान्यांत उपचार कोण करत होते, हा प्रश्न तेव्हाही टाळता येण्याजोगा नव्हता आणि आजही नाही. १८८१ च्या कायद्याने 'पशुवैद्य' ही पदवी लावण्याचा अधिकार केवळ परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांना दिला होता. मात्र पदवी न लावता जनावरांवर उपचार करण्यास त्या कायद्याने कोणालाही मनाई केलेली नव्हती. मारिया डिकिन यांच्या संस्थेने नेमका या मोकळ्या जागेचा उपयोग केला. संस्था आपली माणसे आपणच शिकवी आणि त्यांना 'टेक्निकल ऑफिसर' म्हणे. जखमा धुणे, हाड बसवणे, खरजेवर औषध लावणे, दात काढणे, आणि वाचण्याची आशा नसलेल्या जनावराला शांतपणे मरण देणे, ही सारी कामे हे लोक करत.

रॉयल कॉलेज ऑफ व्हेटरिनरी सर्जन्स आणि एकूण पशुवैद्यांना हे रुचणे शक्य नव्हते. अर्धशिक्षितांच्या हातून जनावरांचे हाल होतील, हा त्यांचा जाहीर आक्षेप. ज्यांना शुल्क परवडते असे लोकही फुकटच्या दवाखान्यात जातात, ही त्यांची दुसरी तक्रार. यातला पहिला आक्षेप खोटा म्हणता येणार नाही. रोगनिदान ही केवळ कळकळीने जमणारी गोष्ट नाही, आणि सेवाभावी माणसाच्या हातूनही चूक होते. आपल्याकडे जखमी पक्षी, घरातून काढून दिलेले ससे, भटकी कुत्री यांच्यासाठी धावणाऱ्या कोणत्याही स्वयंसेवी गटाला हा पेच ठाऊक आहे. डॉक्टर येईपर्यंत वाट पाहायची की जमेल ते करायचे, याचा निर्णय अनेकदा मध्यरात्री आणि एकट्याने घ्यावा लागतो.

परंतु पशुवैद्यांची बाजूही निर्मळ नव्हती. या व्यवसायाचे पोट शेकडो वर्षे घोड्यावर अवलंबून होते. कुत्र्यामांजरांकडे पाहणे अनेक पशुवैद्यांना कमीपणाचे वाटे, आणि गरिबाचे मांजर तर त्यांच्या खिजगणतीतही नव्हते. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या दशकांत मोटार आली, रस्त्यांवरचा घोडा नाहीसा होऊ लागला आणि पशुवैद्यांच्या उत्पन्नाला ओहोटी लागली. घरातले लहान प्राणी हाच यापुढचा व्यवसाय आहे हे त्यांच्या ध्यानात येऊ लागले, तेव्हा त्या क्षेत्रात एक विनापदवीची बाई आधीच पाय रोवून उभी होती. तिच्या दारापुढची रांग पाहून या व्यवसायाला आपली दिशा बदलावी लागली, असे काही इतिहासकारांचे मत आहे. आणखी एक बाब विसरता कामा नये. मारिया डिकिन यांनी दवाखाना उघडला तेव्हा रॉयल कॉलेजच्या नोंदवहीत एकाही स्त्रीचे नाव नव्हते. एलीन कस्ट या पहिल्या स्त्रीला तिथे प्रवेश मिळाला तो १९२२ मध्ये.

हा वाद सुमारे तीन दशके धुमसत राहिला. मारिया डिकिन या तडजोडीसाठी प्रसिद्ध नव्हत्या. गरिबांच्या जनावरांसाठी पशुवैद्यांनी स्वतः काही केले असते तर आपली गरजच पडली नसती, अशी त्यांची भूमिका होती, आणि ती त्या सोडत नसत. अखेर १९४८ च्या कायद्याने पशुवैद्यक व्यवसाय पात्र व्यक्तींपुरता मर्यादित केला. मात्र धर्मादाय संस्थांतील अनुभवी कर्मचाऱ्यांसाठी त्यात सोय ठेवण्यात आली. १९४९ आणि १९५६ मध्ये खास संस्थेसाठी संसदेत कायदे होऊन तिच्या कामाची चौकट ठरली. आज तिच्या रुग्णालयांत पदवीधर पशुवैद्यच उपचार करतात. म्हणजे शेवटी दोन्ही पक्षांचे म्हणणे खरे ठरले, असे म्हणावे लागेल.

लहान मुलांना या कामात ओढण्याचे चातुर्यही त्यांच्याकडे होते. १९३४ मध्ये त्यांनी 'बिझी बीज' हा मुलांचा संघ काढला. प्राण्यांची काळजी कशी घ्यावी हे शिकायचे आणि दवाखान्यासाठी चंदेरी कागदापासून जमेल ते गोळा करायचे, हे या मधमाश्यांचे काम.

मग दुसरे महायुद्ध आले, आणि या संस्थेच्या इतिहासातील सर्वात काळे पान लिहिले गेले. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध जाहीर झाले तेव्हा लंडनवर अजून एकही बॉम्ब पडलेला नव्हता. शक्य असल्यास पाळीव प्राणी खेड्यात पाठवावेत, न जमल्यास त्यांना वेदनारहित मरण देणे हिताचे ठरेल, असा सल्ला देणारे एक सरकारी पत्रक लोकांच्या हाती पडले होते. सार्वजनिक आश्रयस्थानांत जनावरांना प्रवेश नव्हता. मुले खेड्यांत रवाना होत होती, पुरुष सैन्यात जात होते, अन्नाची टंचाई दिसू लागली होती. भीतीने ग्रासलेल्या हजारो कुटुंबांनी आपली धडधाकट कुत्री आणि मांजरे उचलली व दवाखान्यांपुढे रांगा लावल्या. घाई करू नका, असे प्राणिसंस्था परोपरीने सांगत होत्या. कोणी ऐकले नाही. एकट्या लंडनमध्ये पहिल्या काही दिवसांत चार लाखांच्या आसपास प्राणी मारले गेले, असा अंदाज इतिहासकारांनी दिला आहे. साऱ्या देशाचा म्हणून साडेसात लाखांचा आकडाही नेहमी सांगितला जातो.

बरे करण्यासाठी निघालेल्या दवाखान्यांना निरोगी जनावरे मारण्याचे काम करावे लागले. नकार दिला असता तर ती जनावरे रस्त्यावर सोडली गेली असती, नदीत टाकली गेली असती. मृतदेहांची विल्हेवाट लावणे अशक्य झाले तेव्हा इलफर्डच्या आरोग्यधामाच्या आवारातील कुरण त्यांच्या दफनासाठी देण्यात आले. वीस वर्षे आधी पाहिलेली गरिबांची रांग आणि ही रांग, दोन्ही मारिया डिकिन यांच्याच दारापुढे लागल्या. गरिबाला आपले जनावर प्रिय असते, या त्यांच्या विश्वासाला तडा जावा असा तो आठवडा होता. तथापि ही रांग केवळ गरिबांची नव्हती. तिच्यात सगळ्या थरांतले लोक होते.

वर्षभराने बॉम्ब खरोखरच पडू लागले, तेव्हा त्यांच्या संस्थेने वेगळेच काम हाती घेतले. शोधपथके तयार झाली. हवाई हल्ला झाला की ही पथके कोसळलेल्या घरांच्या ढिगाऱ्यांवर पोहोचत आणि आत अडकलेल्या प्राण्यांचा शोध घेत. माणसांची सुटका करणारी पथके निघून गेल्यावर यांचे काम सुरू होई. युद्धाच्या काळात अडीच लाखांहून अधिक प्राण्यांना या पथकांनी वाचवले किंवा त्यांच्यावर उपचार केले, असे संस्था सांगते. बिल बार्नेट हे अशाच एका पथकाचे प्रमुख. सोबत म्हणून ते आपली 'ब्यूटी' नावाची टेरियर कुत्री घेऊन जात. १९४० मध्ये एका ढिगाऱ्यावर ती आपणहून पंजांनी उकरू लागली. पथकाने तिथे खणले तेव्हा टेबलाखाली अडकलेले जिवंत मांजर सापडले. ब्यूटीला हे कोणी शिकवलेले नव्हते. युद्ध संपेपर्यंत तिच्यामुळे ६३ प्राणी बाहेर निघाले. काचांनी आणि विटांनी पंजे फाटू नयेत म्हणून तिला चामड्याचे चिमुकले बूट करून दिले होते.

'रिप'ची गोष्ट याहून बोलकी आहे. हा पॉपलरच्या रस्त्यावर सापडलेला बेवारशी, संकर जातीचा कुत्रा. १९४० मध्ये हवाई हल्ल्यानंतर नागरी संरक्षण दलाच्या एका स्वयंसेवकाने त्याला खायला घातले, आणि तो तिथेच राहिला. कसलेही प्रशिक्षण नसताना तो ढिगाऱ्याखालची माणसे हुंगून काढू लागला. त्याच्यामुळे शंभराहून अधिक माणसे सापडली. त्याचे हे काम पाहून कुत्र्यांना शोधकार्याचे रीतसर प्रशिक्षण देण्याचा विचार अधिकाऱ्यांच्या मनात आला, असे मानले जाते.

या प्राण्यांच्या शौर्याची कोणीतरी दखल घ्यावी म्हणून मारिया डिकिन यांनी १९४३ मध्ये एक पदक सुरू केले. 'डिकिन मेडल' या नावाने ते आज जगभर ओळखले जाते आणि ब्रिटनमध्ये ते प्राण्यांचा 'व्हिक्टोरिया क्रॉस' समजले जाते. ब्राँझचे पदक आणि त्याला हिरवी, तपकिरी, फिकट निळी अशा तीन रंगांची फीत. हे रंग पाणी, जमीन आणि हवा यांचे. डिसेंबर १९४३ मध्ये पहिली पदके मिळाली ती कुत्र्याघोड्यांना नव्हे, तीन कबुतरांना. त्यातील 'विंकी' ही कबुतराची मादी फेब्रुवारी १९४२ मध्ये उत्तर समुद्रात कोसळलेल्या बॉम्बफेकी विमानातून सुटली आणि तेलाने माखलेल्या पंखांनी सुमारे १२० मैल उडत स्कॉटलंडमधील आपल्या खुराड्यात पोहोचली. तिच्या येण्याच्या वेळेवरून गणित मांडून विमान कुठे पडले असावे याचा अंदाज बांधण्यात आला आणि चारही वैमानिक वाचले. १९४९ पर्यंत अशी ५४ पदके देण्यात आली. त्यांत ३२ कबुतरे, १८ कुत्री, ३ पोलीस घोडे आणि एकच मांजर. ते मांजर म्हणजे 'अ‍ॅमेथिस्ट' या युद्धनौकेवरील 'सायमन'. हाँगकाँगजवळ सापडलेला हा भटका बोका १९४९ मध्ये यांगत्से नदीतील तोफमाऱ्यात जखमी झाला, आणि तरीही नौका अडकून पडली असताना धान्यावर तुटून पडलेल्या उंदरांचा त्याने फडशा पाडला. मायदेशी पोहोचल्यावर विलगीकरणात असतानाच तो दगावला. त्याचे पदक मरणोत्तर आहे.

ब्यूटी, रिप, सायमन ही तिघेही इलफर्डच्या दफनभूमीत आहेत. त्यांच्या थडग्यांवर नावे कोरलेली आहेत. १९३९ च्या सप्टेंबरात आणलेल्या प्राण्यांसाठी ज्या आवारात जागा करून दिली, तेच हे आवार.

१९४८ मध्ये मारिया डिकिन यांना 'सीबीई' हा वरचा किताब मिळाला. १ मार्च १९५१ रोजी, वयाच्या ८० व्या वर्षी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या 'बिझी बीज' संघाची धुरा त्यानंतर ज्या बाईंनी सांभाळली, त्यांची पुस्तके वाचून आपल्याकडच्या इंग्रजी शाळांतल्या दोन पिढ्या वाढल्या. त्या म्हणजे एनिड ब्लायटन. हॅकनीतील ज्या घरात मारिया डिकिन यांचा जन्म झाला तिथे २०१५ मध्ये निळा स्मृतिफलक लावण्यात आला.

संस्थेची चाळीसहून अधिक रुग्णालये आज ब्रिटनमध्ये चालतात. सरकारी साहाय्यावर गुजराण करणाऱ्या कुटुंबांच्या प्राण्यांवर तिथे विनामूल्य किंवा अल्प दरात उपचार होतात. २०११ पासून ही संस्था कुत्री, मांजरे आणि ससे यांच्या स्थितीचा अहवाल प्रसिद्ध करते. त्यात सशांचे प्रकरण नेहमीच चिंतेचे असते. कळपाने राहणारा हा प्राणी अनेक घरांत एकटाच, उडीही धड मारता येणार नाही अशा खुराड्यात ठेवला जातो. तो ओरडत नाही, दुखणे दाखवत नाही. त्यामुळे दवाखान्यात येतो तोही बहुधा उशिराच.